नवंकोरं मंगळसूत्र

मी लग्नं लावते. पोटासाठी नव्हे, पोटासाठी मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते. पण इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिल आणि आसपासच्या गावांत मराठी पोरापोरींची लग्नं लावायला धड कुणी मिळेना, तेव्हा सुट्टीत पुण्याला जाऊन पौरोहित्य शिकून आले. बाईने मंत्र म्हटलेले सुरुवातीला काही जणांना खुपले. आता तेच लोक सहा महिने आधी फोन करून माझी तारीख मागतात. माझा नियम एकच आहे. काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीचं, मॅरेज लायसन्स, नाहीतर आधीच रजिस्टर केल्याचा दाखला, हातात पडल्याशिवाय मी अंतरपाटाची घडी मोडत नाही. इथे लग्न लावणाऱ्यालाच त्या कागदावर सही करावी लागते, आणि माझ्या सहीची मला किंमत आहे.

आश्लेषाचं लग्न म्हणजे तर माझ्या घरचंच कार्य. तिची आई माझी कॉलेजमधली मैत्रीण. आईवडिलांना नागपूरहून यायचं होतं, पण व्हिसाची अपॉइंटमेंट वेळेत मिळाली नाही, त्यामुळे दोघं लॅपटॉपवरून लग्न बघणार होते. मुलीकडची सगळी जबाबदारी माझ्यावर आली. "तूच विहीण, तूच भटजी," माझा नवरा राजाराम म्हणाला. "दक्षिणा या हाताने दे आणि त्या हाताने घे."

घाई होती त्याला कारण होतं. आश्लेषा इथल्या एका बायोटेक लॅबमध्ये संशोधन करत होती. लॅबचा निधी बंद झाला आणि तिची इथे राहायची मुदत महिनाअखेर संपणार होती. सत्यजितशी तिचं वर्षभर जमलेलं होतं. तो सॉफ्टवेअरमधला, अबुधाबीहून इकडे आलेला, पक्क्या नोकरीचा. लग्न झालं की त्याची बायको म्हणून तिला राहता येणार होतं, नाहीतर बॅगा भरून नागपूर. म्हणून घाई. पण पोरगी त्याच्यावर जीव टाकत होती, हेही खरं.

शनिवारी लग्न, म्हणून गुरुवारी दुपारी मी केळवण ठेवलं. अळूची भाजी, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. केळवणाची रीत मला फार आवडते, कारण पानावर बसलं की माणूस खरं बोलतो. सत्यजितची आई, नीलांबरीताई, तर पान वाढायच्याही आधी बोलल्या.

आश्लेषा राजारामबरोबर मागच्या अंगणात मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती. सत्यजित ऑफिसातून यायचा होता. मी मठ्ठा घुसळत होते आणि नीलांबरीताईंनी पर्समधून एक लाल डबी काढून ओट्यावर ठेवली. आत मंगळसूत्र. दोन वाट्या, काळे मणी, सुबक काम.

"हे तुमच्याकडेच ठेवा, मालिनीताई. शनिवारच्या गडबडीत माझ्याकडून घरी राहिलं तर पंचाईत व्हायची."

"सुरेख आहे हो. सोनं एवढं भडकलेलं असताना घेतलंत, तुमच्या छातीची कमाल आहे."

"छे हो! हे तेव्हाचंच आहे. तिकडच्या वेळी केलेलं. तिने घातलंच नाही. नवंकोरं आहे बघा. सोनं काय शिळं होतं का?"

माझा हात थांबला. "तिकडच्या वेळी म्हणजे?"

"सत्यजित अबुधाबीला होता ना, तेव्हा एक मुलगी होती. चैत्राली म्हणून, ठाण्याची. डिसेंबरचा मुहूर्त काढला होता, हॉलसुद्धा घेतला होता. पण तिचा व्हिजिट व्हिसा संपत आला, म्हणून दोघांनी आधी तिथल्या कोर्टात जाऊन सह्या केल्या. मग याला अमेरिकेची संधी आली. तिला तिथे नुकतीच नोकरी लागलेली, ती काही सोडेना. भांडणं झाली आणि मोडलं. आम्ही हॉल कॅन्सल केला. साखरपुडा मोडावा, तसंच."

"सह्या कसल्या केल्या पण?"

"लग्नाच्याच. पण ते काय लग्न म्हणायचं का? अरबांच्या देशातलं कोर्ट. ना अक्षता, ना सप्तपदी, ना होम. अर्ध्या तासात बाहेर आले आणि समोरच्या दुकानात शोरमा खाल्ला. शोरमा खाऊन कुणाचं लग्न लागतं का?" आणि त्या हसल्या.

मला हसू आलं नाही. "मग घटस्फोट घेतला ना?"

"लग्नच नाही तर घटस्फोट कसला घ्यायचा?"

"आश्लेषाला हे माहीत आहे?"

त्यांनी खिडकीतून अंगणाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कशाला उगीच? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही लग्न लावणार, म्हणून तुमच्याजवळ मन मोकळं केलं. तुम्हीही बोलू नका."

आपल्या लोकांचं हे जुनंच दुखणं आहे. आपल्या लेखी लग्न म्हणजे फोटोग्राफर असतो ते. कोर्टातलं म्हणजे 'व्हिसापुरतं'. मी लग्न लावलेल्या निम्म्या जोडप्यांनी आधी कुठेतरी रजिस्टर करून टाकलेलं असतं, आणि लग्नाचा वाढदिवस मात्र मुहूर्ताच्या तारखेने साजरा करतात. त्याने काही बिघडत नाही, कारण दोन्हीकडे माणसं तीच असतात. इथे नवरीच बदलली होती.

सत्यजित आला. उंच, हसरा, आल्याआल्या मला वाकून नमस्कार करणारा. मुलगा मला आवडायचा, हे सांगायलाच हवं. पानं झाली, जिलबीवरून थट्टामस्करी झाली. नंतर मी त्याला म्हटलं, "होमकुंड गाडीत ठेवायचंय, चल जरा गॅरेजमध्ये." दार लावून घेतलं आणि एका दमात विचारलं, "चैत्राली कोण?"

त्याचा चेहरा पडला. मग आधी घराच्या दाराकडे बघून म्हणाला, "आई बोलली का? मावशी, प्लीज. इट वॉज जस्ट अ पेपर थिंग. मुस्लिम कंट्रीतलं मॅरेज आहे ते, आपल्याला अप्लायच होत नाही."

"तुम्हाला तिथे कलमा पढायला लावला होता का?"

"नाही, नाही. नॉन-मुस्लिम लोकांसाठी वेगळं सिव्हिल कोर्ट आहे तिथे."

"म्हणजे खास तुमच्यासारख्यांसाठीच काढलेलं कोर्ट, त्याच कोर्टात लागलेलं लग्न, आणि तुलाच लागू नाही?"

तो होमकुंडाची कड नखाने खरवडत राहिला.

"काउंटीत शपथेवर काय सांगितलंस?"

"नेव्हर मॅरीड."

"अरे, लग्न जिथे लागलं तिथे पक्कं असेल, तर ते इथेही पक्कंच धरतात. पहिली बायको असताना शनिवारी मी तुझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या, तर ते लग्नच नाही. आणि त्या लग्नाच्या जोरावर आश्लेषा इथे राहणार. उद्या उघडकीला आलं तर तिला उचलून बाहेर काढतील. तू चैत्रालीशी बोल, काय असेल ते कायद्याने मिटव, मग मी लग्न लावते. महिनाभर पुढे ढकलू."

"महिनाभर? मावशी, तिची मुदत संपतेय. आणि चैत्रालीशी कॉन्टॅक्टच नाहीये. मी तिला ब्लॉक केलंय."

लोक घटस्फोट घेतात. याने ब्लॉक केलं होतं.

"तुम्ही सही नाही केलीत तर संग्राम करेल," तो एकदम म्हणाला. संग्राम म्हणजे त्याचा रूममेट, इंटरनेटवरून लग्न लावायचा परवाना काढलेला. "तो ऑनलाइन ऑर्डेन झालाय."

"करू दे की. पण आश्लेषाला कळल्यानंतर. तू सांगतोस की मी सांगू?"

त्याने दोन्ही हात जोडले. डोळे भरून आले होते, आणि ते काही नाटक नव्हतं. "मीच सांगतो. आज संध्याकाळी. प्रॉमिस."

मी विश्वास ठेवला. ठेवावासा वाटला म्हणून ठेवला.

शुक्रवारी सकाळी आश्लेषा आली ती गुणगुणतच. सप्तपदीची सात वचनं मी मुलामुलींना स्वतःच्या शब्दांत लिहायला लावते, ती वाचून दाखवायला ती आली होती. तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं की हिला काही माहीत नाही. तरी विचारलं, "काल सत्यजित काही बोलला का गं?"

"हो ना! म्हणाला, मावशी जाम टेन्शनमध्ये आहे, लायसन्सवरून काहीतरी डोकं खातेय, तू लक्ष नको देऊ." ती हसली. "काय झालंय?"

माझं डोकं असं तापलं म्हणता! सांगायचं तर बाजूलाच, उलट माझ्या तोंडाला आधीच कुलूप घालून ठेवलं होतं त्याने. मी तिला खुर्चीत बसवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. चैत्राली, कोर्ट, डिसेंबरचा हॉल. फक्त मंगळसूत्राचं आणि शोरम्याचं सांगवलं नाही.

तिच्या हातात वचनांचा कागद होता, तिने तो टेबलावर पालथा ठेवला. रडली नाही. खिडकीबाहेरच्या मोगऱ्याच्या कुंड्यांकडे बघत म्हणाली, "आडनाव काय तिचं?"

"मला नाही माहीत. कशाला?"

"मला तिच्याकडून ऐकायचंय. सत्यजितला विचारलं तर तो गोड बोलेल आणि मी ऐकेन. मला माहितेय मी कशी आहे."

हल्लीच्या पोरींना माणूस शोधायला कितीसा वेळ लागतो. चैत्राली, ठाणे, अबुधाबी. लिंक्डइनवर सापडली. आश्लेषाने आपला नंबर देऊन मेसेज टाकला आणि फोन समोर ठेवून आम्ही दोघी बसलो. मी चहा केला, तो कुणी प्यायलं नाही. राजाराम एकदा आत डोकावला आणि आमची तोंडं बघून तसाच परत गेला. तिकडे संध्याकाळ झाली असेल, ती ऑफिसातून निघाली असेल, मेसेज बघणारच नाही, असं मी मनाशी म्हणत होते आणि तेवढ्यात फोन वाजला. आश्लेषाने तो स्पीकरवर टाकला.

"मी आश्लेषा. अमेरिकेतून. उद्या माझं सत्यजितशी लग्न आहे."

पलीकडे गाड्यांचे आवाज होते, ते बंद झाले. कुठेतरी आत गेली असावी. "बोला," ती म्हणाली. आवाज थकलेला, पण कडवट नाही.

"तो अजून तुमचा नवरा आहे का? एवढंच विचारायचंय."

"नाही."

मी टेबलाची कड धरली.

"गेल्या वर्षी मी कोर्टात अर्ज केला," चैत्राली म्हणाली. "पहिल्याच तारखेला घटस्फोट मिळाला. इथे दोघांपैकी एकाला नको असेल तर तेवढं पुरतं. लग्न करताना मुलीला वडिलांची परवानगी लागत नाही, आणि मोडताना कारण लागत नाही."

"त्याला माहीत नाहीये हे."

"कसं असेल? कोर्टाची नोटीस त्याने इथे दिलेल्या नंबरवर आणि मेलवर गेली. ते त्याने कधीच सोडून दिले. मी स्वतः फोन केले, तर ब्लॉक. त्याच्या आईला मेसेज केला, तर म्हणाल्या, आता तुझा-आमचा काही संबंध नाही. त्यांच्या हिशेबी लग्न झालंच नव्हतं ना. माझं झालं होतं." ती जरा थांबली. "मी आईची पैठणी नेसून गेले होते त्या दिवशी. फोटो काढायला कुणी नव्हतं, तर समोरच्या शोरमावाल्याने काढला."

आश्लेषाला शोरम्याचं काहीच माहीत नव्हतं. मला होतं. मला त्या न पाहिलेल्या मुलीसाठी भडभडून आलं.

"तुम्ही घटस्फोट का घेतलात?" आश्लेषाने विचारलं.

"बघ ना, जजनेसुद्धा हे विचारलं नाही. नक्की का, एवढंच विचारलं. मला खरं तर सांगायचं होतं." आता ती अरेतुरेवर आली. "तो वाईट नाहीये गं. पण जे त्याला अडचणीचं असतं ना, ते त्याच्यासाठी नसतंच. मी अडचणीची झाले आणि नाहीशी झाले. घटस्फोटाचे पेपर्स पाठवते तुला, घे. आणि मला कुणी कारण विचारलं नाही, तू मात्र त्याला विचार."

फोन ठेवला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. "गंगेत घोडं न्हालं गं बाई! मोकळा आहे तो. आत्ता काउंटीत जाऊ, लायसन्सवर घटस्फोटित म्हणून दुरुस्ती करू. उद्याचं लग्न उद्याच. थांब, त्याला फोन लावते."

तिने माझा हात धरला. "नको, मावशी."

"अगं, नको काय?"

"त्याला माहीत नाहीये तो डिव्होर्स्ड आहे ते. म्हणजे आत्ता या क्षणी तो असं समजतोय की त्याचं एक लग्न आहे, आणि तरी उद्या माझ्याशी करतोय. त्याच्याकडे अख्खा दिवस आहे मला सांगायला. मला बघायचंय तो सांगतो का. तू काही बोलणार नाहीस. शपथ घे."

"आणि नाही सांगितलं तर? महिनाअखेरचं काय?"

"मला हे लग्न हवंय, मावशी," ती म्हणाली आणि तेव्हा कुठे तिचा आवाज कातर झाला. "म्हणून तर थांबतेय."

मी शपथ घेतली. आणि दिवसभर जळत राहिले. दहा वेळा फोन हातात घेतला. सांग रे बाबा, एक वाक्य बोल, एवढंच मला त्याला ओरडून सांगायचं होतं. पोरीचा इथला सगळा मुक्काम त्या एका वाक्यावर आला होता आणि ते वाक्य याच्या तोंडातून निघत नव्हतं.

संध्याकाळी सत्यजितच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये मेंदी होती. पोरं नाचत होती, सत्यजित सगळ्यांत पुढे. आश्लेषा दोन्ही हात मेंदीने भरून बसलेली. तो पाण्याचा ग्लास घेऊन आला, स्ट्रॉ तिच्या ओठांशी धरली. मी शेजारीच होते. तिने त्याच्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "तुला मला काही सांगायचंय का?"

तो थबकला. एक क्षण माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता बोलतो. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "हो! तू आज जाम भारी दिसतेयस!"

मैत्रिणींनी शिट्ट्या मारल्या. आश्लेषा हसली. तसं हसणं मी त्याआधी फक्त हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये पाहिलं होतं. मी घरी येऊन राजारामवर उगीचच खेकसले.

शनिवारी मंदिराच्या हॉलमध्ये सगळं शोभिवंत मांडलेलं होतं. राजारामने लॅपटॉप उंच स्टुलावर ठेवून मांडवाकडे वळवला. पडद्यावर नागपूरचं घर. आश्लेषाचे वडील, मनोहरराव, घरात बसून लग्न बघायचं तरी फेटा बांधून बसले होते. शेजारी माझी मैत्रीण, नाकात नथ. "फेटा नीट दिसतोय का?" ते राजारामला पुनःपुन्हा विचारत होते. लायसन्स माझ्या फाइलमध्ये होतं, दुरुस्त न केलेलं, सही न केलेलं. लाल डबी पूजेच्या पिशवीत होती. संग्राम सूट घालून पहिल्या रांगेत बसला होता, आणि तो तिथे का बसला आहे हे मला नेमकं ठाऊक होतं.

मुहूर्ताला थोडा वेळ असताना आश्लेषाने मला बाजूच्या खोलीत बोलावलं. पिवळी साडी, मुंडावळ्या, हिरवा चुडा. "त्याला बोलाव," ती म्हणाली. "आणि तू इथेच थांब."

तो आला. फेट्याचा शेमला सावरत, घामेजलेला. दार लावल्यावर ती म्हणाली, "सत्यजित, चैत्राली अजून तुझी बायको आहे का?"

त्याने आधी माझ्याकडे जळजळीत पाहिलं. मग खुर्चीवर बसला. "मी सांगणारच होतो. लग्नानंतर, शांतपणे. आशू, ते काही खरं लग्न नव्हतं यार."

"आहे का बायको?"

"टेक्निकली... मे बी. हो."

"मग आज काय करायचं?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. थांबवू या, म्हण. बाहेर जाऊन मी लोकांना सांगतो, म्हण. एवढं म्हणाला असतास तर मी तिथल्या तिथे तुझी बाजू घेतली असती.

"आज उरकून घेऊ," तो म्हणाला. "बाहेर दोनशे लोक बसलेत. अबुधाबीचं रेकॉर्ड इथे कोण चेक करतंय? तुझं व्हिसाचं पण फाइल होऊन जाईल. नंतर मी ते तिकडचं बघतो ना."

"आणि चेक केलं कुणी तर? तुझी नोकरी तुझीच राहील. मी मात्र खोट्या लग्नावर इथे राहिलेली ठरेन."

"तू फार निगेटिव्ह विचार करतेस."

बाहेर सनई लागली. कुणीतरी दारावर टकटक केलं, मी "येतो" म्हणून ओरडले. आश्लेषाने मुंडावळ्या बाजूला केल्या, आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"तू डिव्होर्स्ड आहेस," ती म्हणाली. "गेल्या वर्षीपासून. मी चैत्रालीशी बोलले. पेपर्स पाठवलेत तिने."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याचा अख्खा चेहरा उजळला. त्याने छताकडे बघून हात जोडले, हसला, फेट्यासकट मान मागे टाकली. "थँक गॉड! म्हणजे प्रॉब्लेमच नाहीये! अगं मग आधी सांगायचंस ना. मावशी, करा सही. चला, चला, मुहूर्त जाईल." तो उठून दारापर्यंत गेलासुद्धा. एकदाही त्याने विचारलं नाही, चैत्राली कशी आहे. एकदाही विचारलं नाही, आशू, हे तुला कधी कळलं, काल रात्रभर तू काय केलंस.

कडीवर हात ठेवून तो वळला. "आशू, चल ना."

ती बसलेलीच होती.

"तू मोकळा आहेस, सत्यजित," ती म्हणाली. "आणि मीही."

"म्हणजे?" तो कसनुसा हसला. "तुझ्या व्हिसाचं काय?"

"संपेल."

तो माझ्याकडे वळला, मी समजूत घालेन अशा आशेने. खरं सांगते, एक मन म्हणत होतं, हो म्हण पोरी, कायद्याने तो मोकळा आहे, पोरगा दारू पीत नाही, मारत नाही, याहून वाईट नवऱ्यांशी बायकांनी जन्म काढलेत. पण ते माझ्या आईचं बोलणं होतं, आणि ते तिच्याबरोबर गेलेलंच बरं. मी फाइल उघडली, सही न केलेलं लायसन्स त्याच्या हातात दिलं आणि दार उघडलं.

आश्लेषा मांडवाकडे गेली नाही, लॅपटॉपकडे गेली. हॉलमधलं बोलणं हळूहळू बंद पडलं. पडद्यावर मनोहरराव कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले. "काय गं, मुहूर्त झाला का?"

"बाबा, लग्न नाही होणार. मी घरी येतेय."

तिच्या आईने तोंडावर हात ठेवला. मनोहररावांनी दोन्ही हातांनी फेटा उतरवला, मांडीवर ठेवला, टक्कल झालेल्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ये."

तेव्हा ती रडली. राजारामने लॅपटॉप उचलला आणि तिला घेऊन मागच्या दाराने गाडीकडे गेला.

मी पूजेचं सामान आवरायला लागले. होमकुंड, समिधा, घडी न मोडलेला अंतरपाट. नीलांबरीताई तरातरा आल्या, डोळे लाल. "तुम्हीच भरवलंत तिच्या मनात! आता लोकांना काय तोंड दाखवू मी? तुम्हाला नुसते मंत्र म्हणायला बोलावलं होतं!"

मी पिशवीत हात घातला, लाल डबी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"घ्या," मी म्हटलं. "अजून नवंकोरंच आहे."